कामाच्या जागेचं वातावरण बदललं म्हणून मुदतीआधी निवृत्ती? हिशेब, नियम आणि कागद (कोल्हापूर)

पंचगंगाकाठ

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, शहरातल्या बँका, सरकारी कचेऱ्या. सगळीकडून सध्या एकच प्रश्न कानावर येतोय. वय ४८ ते ५५, नोकरी पक्की, पगार वेळेवर, तरीही "बास झालं आता". कारण विचारलं की आधी पैसा किंवा तब्येत येत नाही, आधी येतं ते "पहिल्यासारखं राहिलं नाही तिथं". साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन दोन मिनिटांत सुटणारी गोष्ट आता पोर्टलवर टाकावी लागते. रविवारी व्हॉट्सॲपवर आकडे मागितले जातात. वयानं वीस वर्षांनी लहान असलेला मॅनेजर सगळ्यांसमोर स्क्रीनवर नाव लाल रंगात दाखवतो.

हे वाटणं खोटं नाही. पण त्या वाटण्यावर घेतलेला निर्णय पुढची तीस वर्षं पुरवायचा असतो. जाणकारांनी इथं लिहावं: नक्की काय बदललं की माणूस उठतो, त्यातलं दुरुस्त होण्यासारखं काय असतं, आणि थांबायचंच ठरलं तर तारीख आणि कागद कसे सांभाळायचे. अनुभवकथनाचा धागा वेगळा आहे. इथं फक्त कामाची माहिती द्या, ही विनंती.

ओतकाम_शिरोली

फाउंड्री आणि मशिनशॉपपुरतं लिहितो. "वातावरण बदललं" हा मोठा शब्द झाला, शॉपवर तो बारीक गोष्टींत दिसतो.

वाळूचंच घ्या. मोल्डिंगवरचा जुना सुपरवायझर मिक्सरमधून मूठभर वाळू उचलतो, दाबतो आणि मधोमध मोडतो. कड धारदार राहिली आणि बोटांचे ठसे नीट उमटले तर वाळू चांगली. कडेचा भुगा झाला तर कोरडी, तळव्याला चिकटली तर पाणी जास्त. आता मॉइश्चर (ओलावा) ३ ते ४ टक्क्यांत आहे का, कॉम्पॅक्टिबिलिटी (दाबल्यावर वाळू किती बसते) किती आली, हे ठरल्या वेळी टॅबवर भरायचं असतं. मूठ आजही खरं सांगते. पण ऑडिटला आलेला ग्राहकाचा माणूस मूठ कशी मानणार? त्याला नोंद लागते, कारण सहा महिन्यांनी कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, निघाला तर त्या दिवशीची वाळू कशी होती हे त्याला मागं जाऊन बघायचं असतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. तरी ज्याच्या मुठीवर पंचवीस वर्षं शॉप चाललं, त्याला आपली किंमत गेली असं वाटतं, आणि हे त्याला कुणी समजावून सांगत नाही.

दुसरं, लाइनच्या तोंडाशी लावलेला तासाचा बोर्ड. वेळ, ठरलेले, झालेले, फरक, कारण असे रकाने. ८ ते ९, ६०, ५२, उणे ८, "पॅटर्न बदल" (साच्याचा नमुना बदलला). पूर्वी हिशेब पाळी संपल्यावर व्हायचा, मधे मागं पडलेलं शेवटच्या दोन तासांत भरून निघायचं. ती सवलत बोर्डानं काढून घेतली. दर तासाला कारण लिहायचं म्हणजे दर तासाला जाब द्यायचा. पन्नाशीच्या माणसाला अंगमेहनतीपेक्षा हे जास्त थकवतं.

यातलं दुरुस्त होण्यासारखं बरंच असतं. अशा माणसाला तासाच्या बोर्डावरून काढून रिजेक्शनच्या विश्लेषणावर, नव्या पॅटर्नच्या डेव्हलपमेंटवर किंवा नव्या पोरांच्या प्रशिक्षणावर घालता येतं. गेटिंग (साच्यात धातू नेणारी वाट) कुठं चुकलंय हे कास्टिंग बघून ओळखणारी माणसं कमी उरलीत, हे व्यवस्थापनालाही ठाऊक असतं. मागणी फसते ती तोंडी आणि भांडणाच्या दिवशी केल्यामुळं. एका पानावर लिहून द्या: सध्याचं काम, मागितलेलं काम, कंपनीला त्यातून काय मिळेल (उदाहरणार्थ कोणत्या दोन पार्टचं रिजेक्शन खाली आणायचं) आणि ९० दिवसांनी आढावा. नकार आला तरी तो लेखी येऊ दे. पुढच्या बोलणीत तो कागद उपयोगी पडतो.

शाहूपुरी_लेजर

बँकांचं चित्र वेगळं आहे. तिथं कामच बदललंय. ठेव, कर्ज, वसुली हे बँकिंग शिकून आलेल्याला आता विम्याच्या पॉलिस्या किती दिल्या ते सकाळच्या कॉलवर विचारतात आणि संध्याकाळच्या कॉलवर पुन्हा विचारतात. काउंटरला माणसं कमी असतात, बदलीची टांगती तलवार असते. बोर्डावरून उठवून दुसऱ्या टेबलावर बसवल्यानं हे सुटत नाही, कारण टार्गेट शाखेचं असतं. तरीही प्रोसेसिंग सेंटर, ऑडिट, ट्रेनिंग सेंटर या जागा विक्रीपासून थोड्या लांब असतात. तिथली बदली आधी मागून बघावी.

जायचंच ठरलं तर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती हे दोन वेगळे शब्द आहेत. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९९५ च्या पेन्शन विनियमांप्रमाणं राजीनामा दिला की मागची सगळी सेवा जप्त होते, पेन्शन मिळत नाही. त्याच माणसानं २० वर्षं सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन मिळते. वर पात्र सेवेत जास्तीत जास्त ५ वर्षांची भर पडते. मात्र एकूण सेवा ३३ वर्षांच्या वर जात नाही आणि भर नियत निवृत्तीच्या तारखेपलीकडं जात नाही. म्हणजे २४ वर्षं झालेल्याची सेवा २९ धरली जाईल आणि पेन्शन २९/३३ या प्रमाणात बसेल.

१९ वर्षं ८ महिन्यांवर रागानं मेल टाकणाऱ्याचं नुकसान किती होतं ते यावरून कळेल. चार महिने थांबायचं होतं. शिस्तभंगाची चौकशी चालू असेल तर अर्ज अडतो, हेही लक्षात ठेवा. आणि १ एप्रिल २०१० पासून लागलेल्यांना हे विनियम लागू नाहीत, ते एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) येतात.

पंचगंगाकाठ

@शाहूपुरी_लेजर सर, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पण असंच आहे का?

शाहूपुरी_लेजर

तत्त्व तेच. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मध्ये २० वर्षांची अर्हताकारी सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस, असा स्वेच्छानिवृत्तीचा नियम आहे. पण १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले आणि नंतर लागलेले यांचं गणित पूर्ण वेगळं. नंतरच्यांनी आपल्या खात्याच्या लेखा शाखेत बसून आकडा काढून घ्यावा, ऐकीव माहितीवर जाऊ नये. आणि जुनं सेवापुस्तक आधी तपासा. बिनपगारी रजा, सेवेतला खंड, पडताळणीच्या सह्या नसलेली वर्षं, ही सगळी ऐनवेळी बाहेर येतात.

पासबुक

खासगी नोकरीतल्यांसाठी पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीवर लिहितो. राग आजची तारीख धरतो. नियमांच्या तारखा वेगळ्या असतात आणि त्या आधी माहीत असाव्या लागतात.

ईपीएस-९५ (पीएफबरोबरची कर्मचारी पेन्शन योजना). १० वर्षं सेवा लागते. सहा महिने किंवा जास्त असलेलं तुटक वर्ष पूर्ण धरतात, म्हणजे ९ वर्षं ६ महिन्यांवर दार उघडतं. पूर्ण पेन्शन ५८ ला, कमी पेन्शन ५० पासून, आणि ५८ च्या जितकी वर्षं आधी घ्याल त्या प्रत्येक वर्षामागं ४ टक्के कपात. ही कपात कायमची असते, ५८ झाल्यावर भरून निघत नाही. सूत्र: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवा भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,०००. पेन्शनपात्र सेवा २१ वर्षं धरली तर ढोबळमानानं १५,००० × २१ ÷ ७० = ४,५०० रुपये. ५२ व्या वर्षी घेतली तर साडेतीन हजारांच्या आसपास येते. किती बोनस, किती इन्क्रिमेंट मिळत होतं याचा इथं काही संबंध नाही. पन्नास-साठ हजार पगार असलेले अनेक जण "पेन्शन आहे की" म्हणून निर्धास्त असतात आणि आकडा बघून गप्प होतात.

ग्रॅच्युइटी. शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५ भागिले २६, गुणिले वर्षं. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त झालं की ते पूर्ण वर्ष. ४२,००० वर २३ वर्षं ५ महिने झाले असतील तर ५,५७,३०८ मिळतात. २३ वर्षं ७ महिने झाले की ५,८१,५३८. दोन महिन्यांनी २४ हजारांचा फरक पडला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्यात आणि त्यात वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा असतो. ज्यांचं मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवून भत्ते फुगवलेत, त्यांनी ग्रॅच्युइटी कोणत्या आकड्यावर काढली हे एचआरकडून लेखी घ्यावं.

पासबुकातले घोळ. जुन्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर केलेला नसतो, म्हणून सेवा दहाच्या आत दिसते. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नाही. कंपनीनं 'डेट ऑफ एक्झिट' भरलेली नसते, त्यामुळं दावा पुढंच सरकत नाही. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासद ती तारीख स्वतः टाकू शकतो, पण कंपनीकडून टाकून घेतलेली बरी. ट्रान्सफरनंतर पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य दिसतो, त्याला घाबरू नका. तिथं रकमेऐवजी सेवेचा काळ पुढं जातो. अनेक्शर-के (ट्रान्सफरच्या तपशिलाचा कागद) मागवून त्यात सेवेचा काळ बरोबर आलाय का ते बघा. हे सगळं नोकरीत असताना पंधरा दिवसांत होतं. सुटल्यावर त्याच कामासाठी जुन्या कंपनीच्या गेटवर थांबावं लागतं.

हिशेबी_उद्यमनगर

पासबुक दादांचं सगळं बरोबर, पण ५८ च्या आत पेन्शन घेणं म्हणजे तोटाच, असा अर्थ कुणी काढू नये. त्यांचेच आकडे धरा. ५२ ला साडेतीन हजार सुरू केले तर ५८ पर्यंत ७२ महिन्यांत २,५२,००० हातात येतात. त्यानंतर दरमहा हजाराचा तोटा. ते अडीच लाख फिटायला २५२ महिने, म्हणजे २१ वर्षं. वय ७९ होतं. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता नाही, म्हणजे आजच्या साडेतीन हजारांत जे येतं ते वीस वर्षांनंतरच्या साडेचार हजारांत येणार नाही.

पासबुक

मान्य, पण एका अटीवर. पुन्हा पीएफ कापणारी नोकरी करायची नसेल तरच. कमी पेन्शन एकदा सुरू केली की पुढच्या नोकरीतली सेवा पेन्शनमध्ये धरली जात नाही. अनेक जण वर्षभरात दुसरीकडं लागतात. त्यांनी स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवावं. सेवा जपून राहते, नव्या सेवेत मिळते, आणि ५० नंतर कधीही पेन्शन मागता येते.

हिशेबी_उद्यमनगर

बरोबर. आता घरखर्चाकडं या, कारण सगळ्यात मोठी चूक तिथं होते. आज ४०,००० लागतात, व्याज ४०,००० येईल, म्हणजे जमलं. असं नसतं. महागाई ६ टक्के धरली तर ७२ भागिले ६, म्हणजे १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. ५२ ला ४०,०००, तर ६४ ला ८०,००० आणि ७६ ला १,६०,०००. सगळं व्याज खाऊन मुद्दल तेवढंच ठेवणारा माणूस साठीनंतर मुद्दलाला हात घालतो.

आणि एक तारीख जी फार जणांच्या लक्षात येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के व्याज आहे, मर्यादा ३० लाख. पूर्ण ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० येतात. वयाची अट ६०. पण निवृत्त झालेल्याला ५५ पासून खातं उघडता येतं, निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, आणि तेवढ्याच रकमेपर्यंत. आता ५३ व्या वर्षी बाहेर पडलेल्याचं काय होतं? त्याचे तीन महिने ५५ च्या आधीच संपतात. म्हणजे थेट ६०. दीड-दोन वर्षं आधी उठल्यामुळं सात वर्षं या योजनेबाहेर. मधल्या काळासाठी टपालाची मासिक प्राप्ती योजना उरते: ७.४ टक्के, एकाच्या नावे ९ लाख, जोडखात्यात १५ लाख. १५ लाखांवर महिना ९,२५० येतात. त्यात घर चालत नाही, पण वीजबिल, गॅस, किराणा निघतो.

इथं पण तोच शब्द आडवा येतो. पत्रात 'राजीनामा' असेल तर टपाल खात्याचा कारकून खातं उघडायला हरकत घेऊ शकतो.

टाकाळा_कट्टा

कराचं थोडक्यात. स्वेच्छानिवृत्तीची भरपाई ५ लाखांपर्यंत करमुक्त, जन्मात एकदाच. अटी: ४० वर्षं वय किंवा १० वर्षं सेवा, त्या जागी नवी भरती नाही, त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत नोकरी नाही. शेवटची अट मोडते ती "रिटेनर म्हणून आमच्या सिस्टर कंपनीत या" या गोड निमंत्रणानं, तेव्हा त्याचं स्वरूप सीएला दाखवूनच हो म्हणा. ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि निवृत्तीच्या वेळची रजा-रोखी २५ लाखांपर्यंत (त्यातल्या आतल्या मर्यादांसह) करमुक्त.

तारीख इथंही महत्त्वाची. करपात्र भरपाई ६ लाख असेल आणि ती मार्चमध्ये ११ लाखांच्या पगारावर पडली तर कर बसतो. तीच एप्रिलनंतर, पगार नसलेल्या वर्षात पडली तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळं सहसा शून्य. अंतिम तारीख ३१ मार्च की ३० एप्रिल, हे कंपनीशी बोलण्यासारखं आहे. आणि नोकरी सुटल्यावर पीएफ खात्यात पडून राहिला तर त्यापुढचं व्याज करपात्र होतं. ते रिटर्नमध्ये दाखवायचं असतं.

नवी_पाळी

कंपनीनं स्वतःहून योजना आणली तर किती मिळायला पाहिजे? कुणी म्हणतं वर्षाला ४५ दिवस, कुणी ६०.

ओतकाम_शिरोली

ठरीव दर नाही, बोलणीवर असतं. तुलनेला एक मोठं उदाहरण: बीएसएनएलची २०१९ ची योजना. ५० वर्षं आणि वरच्यांसाठी होती, झालेल्या प्रत्येक वर्षाला ३५ दिवस आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला २५ दिवसांचा पगार. सुमारे ७८ हजार जण ३१ जानेवारी २०२० ला एकाच दिवशी बाहेर पडले. त्या सूत्रानं २४ वर्षं झालेल्या आणि ६ उरलेल्याचे ८४० अधिक १५० असे ९९० दिवस होतात.

दिवसांचा आकडा ऐकून भुलू नका. 'पगार' म्हणजे काय धरलंय ते आधी विचारा. मूळ वेतनावरचे ६० दिवस हे एकूण पगारावरच्या ४५ पेक्षा कमी भरू शकतात. ग्रॅच्युइटी आणि रजा त्या रकमेत घुसडल्यात की वेगळ्या, हा दुसरा प्रश्न. ग्रॅच्युइटी कायद्यानं तुमचीच आहे, ती योजनेची भेट म्हणून दाखवली जात असेल तर तसं बोलून दाखवा.

राजाराम_विहीर

आरोग्य विम्यावर कुणीच लिहिलं नाही. कंपनीचा गटविमा शेवटच्या दिवशी संपतो. ५३ व्या वर्षी, साखर-रक्तदाब असताना नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. म्हणून स्वतःची पॉलिसी जायच्या तीन वर्षं आधी काढा. कंपनीचा विमा चालू असतानाच हे ३६ महिने निघून जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झाला. ते जमलं नसेल तर गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायला मिळतं का, हे सुटायच्या आधी लेखी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

ईएसआयमधल्यांनी (कर्मचारी राज्य विमा) हे वाचा. किमान ५ वर्षं विमाधारक राहून नियत वयोमानानं, स्वेच्छानिवृत्ती योजनेत किंवा मुदतपूर्व निवृत्त झालेल्याला आणि जोडीदाराला वर्षाला १२० रुपये भरून वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. हो, १२० रुपये. केवळ सुटताना माहीत नव्हतं म्हणून ही सोय सोडलेली कुटुंबं आपल्या औद्योगिक वसाहतींत किती असतील!

करवीर_ताई

बायकांच्या बाबतीत वातावरण बदलणं म्हणजे बहुतेक वेळा वेळ बदलणं. साडेपाचला सुटणारं ऑफिस सातच्या मीटिंगवर गेलं, की घरची सासूबाईंची औषधं, मुलाची दहावी सगळं कोलमडतं. मग "तूच सोड, नाहीतरी तुझा पगार कमी" हे वाक्य येतं. ताईंनो, ४६-४८ ला सोडण्याआधी दोन गोष्टी मागून बघा. सातची मीटिंग दुपारी घेता येईल का, हे लेखी विचारा. आणि सहा महिने ते वर्षभराची बिनपगारी रजा मिळते का ते बघा. तेवढा काळ पगार बुडेल, पण सेवा तुटणार नाही.

सोडलंच तर पैसा कुणाच्या नावावर जातो ते बघा. तिच्या पीएफमधून घराचं कर्ज फिटतं आणि घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर राहतं, असं होऊ देऊ नका. मासिक प्राप्तीचं जोडखातं काढताना तिचं नाव आधी घाला. सही दोघांची असू दे.

नवरा लवकर घरी बसणार असेल तरी घरात बोलणं आधी व्हावं. सकाळी रंकाळ्याला फेरी, येताना भाजी, दहापर्यंत वेळ मजेत जातो. दहा ते सहाचं काय, हे त्या माणसानं आठवड्याच्या सातही दिवसांसाठी कागदावर लिहून दाखवावं. कागद रिकामा राहिला तर अजून वेळ आलेली नाही.

मळीचं_रान

दहा ते सहासाठी बरेच जण "गावाकडं दोन एकर ऊस आहे की" म्हणतात, म्हणून लिहितो.

ऊस हे मासिक उत्पन्न नव्हे. आडसाली लावली तर जुलै-ऑगस्टची लागण सोळा ते अठरा महिन्यांनी तुटते. तोपर्यंत बेणं, मशागत, खतं, पाणीपट्टी सगळं खिशातून. २०२५-२६ ची एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला, क्विंटलला ३५५ रुपये. आपल्या भागात उतारा वरचा असतो, पण त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. एकरी ४० टन धरला तर दोन एकरांत ८० टन. आपल्या कारखान्याच्या गेल्या हंगामाच्या बिलावरचा निव्वळ दर घ्या, ८० नं गुणा, खर्च वजा करा आणि आडसालीला १८ नं भागा. महिन्याला किती पडतं ते दिसेल. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. पण घरखर्च त्या तारखेवर टांगू नका.

रान नदीकाठी असेल तर २०१९ आणि २०२१ आठवा. करवीर, शिरोळ, हातकणंगल्यात ऊस कित्येक दिवस पाण्याखाली होता. शेंड्यात पाणी गेलं की ऊस संपला. अशा रानावर निवृत्ती उभी करायची असेल तर एका वर्षाचा पूर्ण घरखर्च बँकेत वेगळा ठेवा. आणि वाटेकऱ्याकडून रान काढून घेण्याआधी एक पूर्ण हंगाम सुट्टीच्या दिवशी स्वतः पाणी पाजून बघा. रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला जाणं पन्नाशीनंतर कसं जमतं, ते तेव्हाच कळतं.

पंचगंगाकाठ

फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. एक राहिलं. राग खरा असेल पण कारण नक्की कळत नसेल, तर ते कसं ओळखायचं?

ओतकाम_शिरोली

वही घाला. आठ आठवडे, रोज दोन ओळी: आज काय खुपलं, आणि ते बदलणं कुणाच्या हातात आहे. नंतर मोजा. बहुतेक ओळींत एकाच माणसाचं नाव आलं तर विभाग बदलून घ्या. असे साहेब दोन-तीन वर्षांत स्वतःच दुसरीकडं जातात, त्यांच्यापायी पेन्शन कशाला सोडायची? ओळींत पोर्टल, टॅब, इंग्रजीतला रिव्ह्यू असं येत असेल तर ते शिकण्याचं काम आहे. शेजारचा पंचविशीतला पोरगा जेवणाच्या सुट्टीत आठवड्याभरात शिकवतो, विचारायला लाजायचं नाही. पण ओळींत कामच येत असेल, म्हणजे जे विकायला लावतात किंवा ज्या नोंदी करायला लावतात ते मनाला पटत नाही, झोप जाते, तर ते बदली किंवा प्रशिक्षणानं सुटत नाही. तिथं निघायची तयारी आजपासून सुरू करावी, हे माझं स्पष्ट मत. तयारी आज, पत्र तारीख बघून.

बिंदूचौक_अर्ज

पत्राचा मसुदा देतो. आपल्या नियमांप्रमाणं फेरफार करा.

"मी दि. ___ पासून ___ या पदावर कार्यरत असून दि. ___ रोजी माझी ___ वर्षे सेवा पूर्ण झाली आहे. ___ नियमानुसार / योजनेनुसार मी दि. ___ च्या कामकाजाच्या अखेरीपासून स्वेच्छानिवृत्ती घेऊ इच्छितो. ही नोटीस नियमात ठरलेल्या मुदतीची आहे. निवृत्तीचे सर्व लाभ मिळण्याच्या अधीन राहून हा अर्ज करीत आहे."

'राजीनामा' हा शब्द कुठंही नको. 'वैयक्तिक कारणास्तव' लिहायचा मोह आवरा, गरज नसते. साहेबांविरुद्धची तक्रार या पत्रात घालू नका, ती द्यायची तर वेगळी द्या. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. मेलनं दिलं तर मंजुरीचं उत्तरही मेलनंच मागा, आणि त्या मेलची प्रत घरच्या पत्त्यावर पाठवून ठेवा, कारण शेवटच्या दिवशी ऑफिसचा मेल बंद होतो.

मन बदललं तर? मंजुरीच्या आधी, लेखी मागं घ्या. बँकांच्या २००० सालच्या योजनांवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयानं, स्वीकृतीआधी अर्ज मागं घेता येतो पण लाभ उचलल्यावर नाही, असं धरलं होतं. सरकारी नियमांत मागं घ्यायला मंजुरी लागते आणि ती निवृत्तीच्या तारखेआधी मागावी लागते. दबाव टाकून सही घेतली असेल तर त्याच आठवड्यात लेखी हरकत नोंदवा, सहा महिन्यांनी केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलंच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच आपल्याकडंच आहे, मुंबईचे हेलपाटे वाचले.

पासबुक

त्यात एवढं जोडतो. पेन्शन मागणीचा फॉर्म १०-डी भरायच्या आधी ई-नॉमिनेशन (ऑनलाइन वारसनोंद) पूर्ण करा, आधार, पॅन आणि बँक खात्यातलं नाव अक्षरानं अक्षर जुळवा, आणि बँकेत जोडीदाराबरोबरचं खातं चालतं का ते शाखेत विचारा. सेवा-प्रमाणपत्रावर आणि पीएफमध्ये सोडल्याची तारीख एकच हवी. एका दिवसाचा फरक असला तरी अर्ज परत येतो. निघण्याच्या दिवशी सेवा-प्रमाणपत्र हातात घेऊनच टाइमऑफिसमधून बाहेर पडा.